दर्शनाचं वर्णम

“डोळे मिटू नकोस गं ताई, काजळ ओलं आहे अजून,” पूर्वी म्हणाली.

“मी नाही मिटत. आपले आपण मिटतायत ते.”

दर्शनाने पापण्या ताणून धरल्या. समोरच्या आरशात एक सजवलेली बाई बसली होती. भांगात बिंदी, नाकात दोन्हीकडे खडे, वेणीला अबोलीचा जाड गजरा. गालांवर रंगाचा थर होता. पण डोळ्यांखालचा काळेपणा त्या थराला दाद देत नव्हता. रात्रभर ती परळच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. शनिवारची नाइट खरं तर तिची नव्हतीच. जिची होती तिचा मुलगा तापाने फणफणला आणि एक्स-रे खात्यात दुसरं कोणी मिळेना. मग वॉर्डावॉर्डांतून मशीन ढकलत, शिशाचा जड एप्रन चढवत-उतरवत रात्र गेली. सकाळी तोंडावर पाणी मारून ती तशीच दादरला, शाळेच्या या सभागृहात आली होती.

आज तिचं अरंगेत्रम होतं. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीने पहिल्यांदा एकटीने रंगमंचावर उभं राहायचं आणि अख्खा कार्यक्रम पेलायचा, तो हा दिवस. मुली तो सोळा-सतराव्या वर्षी करतात. दर्शना चव्वेचाळीसची होती. जी पूर्वी आज तिच्या डोळ्यांत काजळ घालत होती, तिला अगदी लहान असताना पहिलं पाऊल दर्शनानेच शिकवलं होतं, आणि पूर्वीच्या अरंगेत्रमला कंबरपट्टाही तिनेच बांधला होता.

कोपऱ्यात पंख्याखालच्या खुर्चीवर टीचर बसल्या होत्या. विशालाक्षी टीचर. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर मोरपिशी कांजीवरम, मांडीवर फडक्यात गुंडाळलेल्या पितळी झांजा. माटुंग्यात जन्म गेल्यामुळे मराठी सराईत. फक्त लिंगं आणि शेवटचे स्वर थोडे इकडेतिकडे व्हायचे.

“पूर्वी,” टीचर म्हणाल्या, “दुसऱ्याचा मेकअप काय करत बसलीस? स्वतः तयार हो. तुझा प्रोग्राम आहे ना आज?”

पूर्वीचा हात थबकला. दर्शना आरशातूनच म्हणाली, “माझा आहे, टीचर.”

“मग? मी काय वेगळं बोलली? तुझाच आहे.” टीचरांनी झांजांवरचं फडकं नीट केलं. “इतकी वर्षं लावलीस.”

दारातून राधाने खूण केली. राधा टीचरांची भाची, त्यांच्याबरोबरच राहायची. दर्शना उठली तशी घुंगरं वाजली आणि मांड्यांमधून एक कळ सरकत गेली. दोघी बाहेर पॅसेजमध्ये आल्या. तिथे भिंतीशी दुपारच्या वधू-वर मेळाव्याची बॅनरं गुंडाळून ठेवली होती.

“सकाळपासून चित्ती मला विचारतेय, आपण कुठे चाललोय,” राधा हळू आवाजात म्हणाली. मावशीला ती चित्ती म्हणायची. “टॅक्सीत विचारलं, इथे जिन्यात विचारलं. ऐक माझं. पूर्वीला सगळं पाठ आहे. झांजा वाजवत बोल म्हणायला तिला बसू दे. चित्तीला आपण पहिल्या रांगेत बसवू, तिथेच सत्कार करू. तुझा एवढा मोठा दिवस. उगाच कशाला?”

“त्यांना वाईट वाटेल.”

“तिला कळणारसुद्धा नाही कदाचित.”

“कळेल,” दर्शना म्हणाली. “पूर्वी मागे बसेलच ना, सुराची श्रुतीपेटी घेऊन. अडल्या तर हळूच सांगेल.”

“आणि सांगूनही नाही झालं तर?”

हाच प्रश्न तालमींपासून दर्शनाच्या मागे होता. तिने कंबरपट्टा घट्ट केला आणि ती आत वळली.

*

दर्शना भोईवाड्यातल्या चाळीत वाढली. बाप गुणाजी घाडी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. टीचर तेव्हा तिच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत नाच शिकवायला यायच्या. मुलींच्या घोळक्यातून त्यांनी एक दिवस हिला हाताला धरून पुढे ओढलं, पाय निरखले, आणि संध्याकाळी दादरच्या क्लासला पाठवा, असा निरोप घरी धाडला. तेव्हापासून गुणाजी पहिली पाळी करून आला, की अंगावर पाणी घेऊन मुलीला चालत दादरला न्यायचा आणि क्लास सुटेपर्यंत समोरच्या फुटपाथवर उकिडवा बसून राहायचा. चाळीत कोणी म्हटलं, ‘पोरीला नाचायला रे काय घालतोस?’ की तो सांगायचा, “नाच नाय तो, तालीम आसा. माझा चेडू तालीम करता. तू वायच तसो अर्धो बसान दाखव, मगे बोल.”

अठराव्या वर्षी तिच्या अरंगेत्रमची तारीख ठरली होती. चोळी शिवून झाली होती. आणि एका सकाळी गॅलरीत दात घासता घासता गुणाजी खाली बसला तो परत आपल्या पायांनी उठलाच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. टीचर घरी आल्या, त्याच्या खाटेशी बसल्या आणि जाताना दर्शनाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी करू.”

पुढच्या वर्षी दर्शना एक्स-रेचा कोर्स करत होती. त्याच्या पुढच्या वर्षी नोकरी लागली. गुणाजी पडूनच होता. त्याला भरवायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं. अर्धं आई करायची, अर्धं ती. लग्नाची बोलणी आली आणि आली तशी विरली. गुणाजी गेला तेव्हा ती तिशीत होती आणि घरात आई आणि ती अशा दोघीच उरल्या. क्लास मात्र सुटला नाही. ड्यूटी सांभाळून ती जायचीच, पण आता शिकवायला. अगदी लहान मुलींचा पहिला धडा, ‘तैया तै’, तो दर्शनाताईकडे. टीचर दर वर्षी म्हणायच्या, “या वर्षी तुझं.” आणि दर वर्षी कोणा दुसऱ्याच मुलीची तारीख लागायची. दर्शना मग विंगेत उभी राही, हातात पाण्याची बाटली आणि पदराला सेफ्टीपिना. पुढे मुलगी नाचत असे आणि विंगेतल्या अंधारात हिचे ओठ बोलांवर हलत असत.

गेल्या दिवाळीनंतर टीचर राधाचा हात धरून चाळीचे तीन मजले चढून आल्या. दम खात खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “किती दिवस दुसऱ्यांच्या वेण्या बांधणार तू?”

“आता कसलं, टीचर? या वयात लोक हसतील.”

“हसू दे. लोकांसाठी शिकलीस काय? माझे हात अजून चालतात, तोवर कर. नंतर तुझ्यासाठी कोण बसणार?”

स्वयंपाकघरातून आई, मीराबाई, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “करून टाक गो एकदा. माका पण बघूक गावतला.”

मग सुरू झालं. ड्यूटीवरून क्लास, क्लासवरून घर, गुडघ्यांना पट्ट्या, पोटऱ्यांना तेल. शरीर काही आता अठराचं नव्हतं. ते प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायचं आणि मग कुरकुरत ऐकायचं. तालमींतच दर्शनाच्या लक्षात आलं, की टीचर मधेच थांबतात. हातातल्या झांजांकडे बघत राहतात. ती नाचता नाचता पुढचा बोल पुटपुटायची आणि टीचर तो पकडून पुढे निघायच्या. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. क्लासच्या खोलीत दोघींत चार हातांचं अंतर असायचं, तोवर निभावत होतं.

*

पडदा वर गेला तेव्हा सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. हॉस्पिटलातल्या सिस्टर आल्या होत्या, चाळीतली माणसं आली होती, क्लासच्या लहान मुली फ्रॉक घालून तिसऱ्या रांगेत चिवचिवत होत्या. पहिल्या रांगेत मीराबाई नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्या शेजारी बकुळा. बकुळा आणि दर्शना एकाच वर्षी क्लासला लागल्या होत्या. दर्शनाची तारीख हुकली त्याच वर्षी बकुळाचं अरंगेत्रम थाटात झालं. आता तिचे ठाण्याला, पुण्याला स्वतःचे क्लास होते.

रंगमंचाच्या एका कडेला झांजा घेऊन टीचर, शेजारी गायिका आणि मृदंगवाला, मागे पूर्वी, अशी बैठक होती. सुरुवातीच्या दोन रचना नीट पार पडल्या. टीचरांचा आवाज थकलेला होता, पण बोल टणक पडत होते. दिव्यांच्या झोतात आल्यावर दर्शनाची झोपही कुठेतरी मागे राहिली. दमणूक होती, पण ती जणू शेजारी उभी होती, अंगात नव्हती.

मग वर्णम सुरू झालं.

वर्णम म्हणजे कार्यक्रमाचा कणा. गोष्ट साधीच. एक बाई दारात वाट बघत बसली आहे आणि मैत्रिणीला सांगते आहे, जा, त्याला घेऊन ये. गायिका एक ओळ पुन्हा पुन्हा गाते, नाचणारी हातांनी, डोळ्यांनी तिचा अर्थ दाखवते. आणि ओळींच्या मधे येते जती. तिला अर्थ नाही, नुसते बोल आणि नुसते पाय. ते बोल गुरूने म्हणायचे, झांजांवर ताल धरत. ते सुटले की पाय सुटतात. मधल्या एका जतीवर दर्शनाचा लहानपणापासून जीव होता. लांबलचक, वळणावळणाची, दम काढणारी. इतक्या मुलींना ती नाचताना तिने विंगेतून पाहिली होती. आज ती तिची होती.

पहिली ओळ झाली, पहिली जती झाली. दुसरी ओळ आली. ‘सखे, दार मी अजून लावलेलं नाही.’ दर्शनाने दिव्याची वात सारली, उंबरा पुसला, दूरवर पाहिलं, आणि ओळ संपवून मागे सरकत गुडघे वळवून अर्धी बसून सज्ज झाली. आता ती जती.

बोल आलेच नाहीत.

झांजा गप्प होत्या. दर्शनाने मान वळवण्याच्या निमित्ताने डावीकडे पाहिलं. टीचर तिच्याकडेच बघत होत्या. पण गर्दीच्या लग्नघरात आपल्या ओळखीचं माणूस शोधावं तशा. मागून पूर्वी पुढे झुकून काहीतरी कुजबुजली. टीचरांनी माशी झटकावी तसा हात झटकला.

गायिका जुनी जाणती होती. ताल मोडू न देता तिने ओळ पुन्हा उचलली. ‘सखे, दार मी अजून लावलेलं नाही.’

दर्शना पुढे आली. वात सारून झाली होती, उंबरा पुसून झाला होता. तिने फुलं वेचली, अंथरूण घातलं. ओळ संपली. झांजा गप्पच. ओळ पुन्हा आली. तिने ताट वाढलं, झाकून ठेवलं, झाकण काढून अन्न निवलं का पाहिलं. ओळ पुन्हा आली. आता शिकलेलं सगळं संपलं होतं. हात तर थांबवून चालणार नव्हतं. मग त्या हातांनी आपल्याआपण घास कालवला, समोरच्या कोणाच्या तरी हनुवटीखाली डावा तळवा धरला आणि घास भरवला. ओघळलेलं पुसलं. खांद्याखाली हात घालून एक जड अंग हळूच कुशीवर वळवलं, पाठीशी उशी सारली, आणि दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. ज्याची वाट बघायची तो घरातच होता आणि तरी आलेला नव्हता. हे काय आपण करतोय, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण नाकाशी तो तेलाचा आणि औषधाचा वास इतका स्पष्ट आला, की तिला दुसरं काही सुचलं नाही.

आणि मग झांजा वाजल्या.

“तैया तै… तैया तै…”

दर्शनाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मृदंगवाल्याचाही हात क्षणभर अडखळला. टीचर पहिला धडा म्हणत होत्या. क्लासला आल्या दिवशी पोरींना देतात तो. पाय आपटायचा, दुसरा आपटायचा, बस्स.

पूर्वीने झांजांकडे हात पुढे केला आणि दर्शनाकडे बघितलं. नुसत्या डोळ्यांनी विचारलं, घेऊ?

दर्शनाने हो म्हणायचा अवकाश होता. पूर्वीने झांजा घेतल्या असत्या आणि जती आली असती, जशी बसवली होती तशीच. पाय तिच्यासाठी आतून तटतटले होते. तिला ती नाचायची होती. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. ना या गुडघ्यांना, ना या वयाला. पण भरल्या सभागृहात टीचरांच्या हातातून झांजा काढून घेतल्या जाणार, आणि टीचर त्या रिकाम्या हातांकडे बघत राहणार, हेही तिला समोर दिसलं.

मानेची एक हालचाल असते, डावीकडून उजवीकडे सरकवायची. दर्शनाने ती केली. पूर्वीला कळलं, नको. तिने हात मागे घेतला.

दर्शना अर्धी बसली, हात कमरेवर ठेवले आणि पहिला धडा नाचू लागली. तैया तै. तैया तै.

तिसऱ्या रांगेतल्या लहान मुली एकदम उजळल्या. त्यातली एक मोठ्याने म्हणालीच, “हे तर आम्हालापण येतं!” सभागृहात खसखस पिकली. दर्शनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती नाचत राहिली. ती पाठ ताठ ठेवून, गुडघे पुरते बाहेर वळवून, टीचरांनी शाळेच्या त्या फरशीवर सांगितलं होतं तशी नाचली. टीचरांचा चेहरा मात्र आता मोकळा झाला होता. त्यांना वाट सापडली होती. त्यांनी लय दुप्पट केली. मग चौपट. त्या लयीला तो पोरांचा धडा पोरांचा राहत नाही. मांड्या पेटल्या, श्वास छातीत मावेना, तरी टीचर थांबत नव्हत्या आणि दर्शनाही उठत नव्हती. शेवटी टीचरांनी एक खणखणीत शेवट केला, झांजा मिटल्या आणि समाधानाने मान डोलावली.

गायिकेने शहाणपणाने पुढच्या ओळी आवरत्या घेतल्या. ती जती आलीच नाही. वर्णम निम्म्यावर संपलं.

*

उरलेल्या छोट्या रचना होऊन पडदा पडल्यावर ग्रीनरूममध्ये माणसं दाटली. सिस्टर फोटो काढत होत्या. कोणी पेढे फिरवत होतं. बकुळा गर्दीतून वाट काढत आली आणि तिने दर्शनाला मिठी मारली.

“छान झालं गं. ते घास भरवण्याचं कुठून आणलंस? माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “आणि जत्या सोप्या केल्यास ते बरंच केलंस. या वयात गुडघे देत नाहीत साथ. मी पण हल्ली वर्णम कापूनच करते. वाईट नको वाटून घेऊस.”

पूर्वी शेजारी दागिने डब्यात भरत होती. ती झटकन वळली. “बकुळाताई, ते असं नव्हतं—”

“पूर्वी,” दर्शना म्हणाली, “मला जरा पाणी दे.”

पूर्वीने तिच्याकडे बघितलं आणि बाटली उचलली.

“गुडघ्यांचंच झालं गं,” दर्शना बकुळाला म्हणाली. “आणि रात्री ड्यूटी होती. नाही जमलं.”

राधाचा हात धरून टीचर आल्या. गर्दी बाजूला झाली. दर्शना वाकली. टीचरांनी डोक्यावर हात ठेवला, पण चेहरा आंबट होता.

“वर्णम कच्चं होतं,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “जती कुठे गेली? एवढं बसवलं, आणि तू स्टेजवर लहान मुलांचं नाचलीस?”

राधाने खाली बघितलं. पूर्वीच्या हातातल्या डब्याचं झाकण खाली पडलं आणि गरगरत राहिलं.

“दमले होते, टीचर,” दर्शना म्हणाली.

“दमली? स्टेजवर दमायचं नसतं.”

“हो टीचर.”

“अभिनय चांगला होता,” टीचर जरा निवळल्या. तिची हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ पाहिला. त्या नजरेत काय होतं ते दर्शनाला ठरवता आलं नाही. “मंगळवारी ये. पहिल्यापासून करू पुन्हा. वेळेवर यायचं.”

“येते.”

सभागृहात तोवर मेळाव्यासाठी खुर्च्या हलवायला सुरुवात झाली होती. छातीवर नंबर लावलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईबाप पॅसेजमध्ये येऊन थांबले होते. रंगमंचाच्या पोशाखातली दर्शना बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला वाट दिली. टीचर टॅक्सीत बसल्या. राधाने दर्शनाचा हात दाबला.

“झालं ना नीट,” दर्शनाच म्हणाली. “त्यांना घरी गेल्यावर आधी जेवायला घाल. सकाळपासून काही खाल्लं नाहीये.”

*

भोईवाड्याच्या नाक्यावर मायलेकी उतरल्या तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. टॅक्सीत मीराबाई पर्स मांडीवर धरून बाहेर बघत बसली होती. चाळीच्या जिन्यात आल्यावर दर्शनाने कठड्याला हात घातला आणि पहिली पायरी चढली. गुडघा वाकेना. ती आडवी होऊन, एकेक पाय वर घेत चढू लागली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर मीराबाई थांबली.

“ती म्हातारी विसारली मां?”

दर्शनाने मागे वळून पाहिलं. “कोण म्हणालं?”

“कोण कित्या म्हणाक व्हया? तुमच्या नाचातला माका काय कळता? पण ती भांबावली, आणि तू तिका सांभाळून घेतलंस. ह्या माका दिसला.”

“आई, कोणाला बोलू नकोस हं. चाळीत तर नकोच.”

“मी कोणाक सांगतलंय?” मीराबाई म्हणाली. मग वर चढता चढता, “तुका करूक गावला नाय मां, तुझ्या मनातला?”

दर्शनाने कठडा धरून पुढची पायरी घेतली. दुसऱ्या मजल्याच्या आधी पाय पुरते बसले. ती पायरीवरच टेकली, जरीच्या निऱ्या गोळा करून, डोकं भिंतीला लावून.

“पाचच मिनिटं बसते.”

“बस. घाय कसली?”

मीराबाई तिच्या वरच्या पायरीवर बसली आणि तिने तिच्या केसांतले आकडे काढायला घेतले. एकेक आकडा काढून ती पदरात टाकत होती. कुठे केस ओढला गेला, की बोटाने तिथे चोळत होती. वरून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तळलेल्या बांगड्यांचा वास जिन्यात उतरला. दर्शनाच्या पापण्या मिटल्या. आता काजळ पसरलं तरी चालणार होतं.

खालून कोणीतरी पिशव्या घेऊन चढत येत होतं. पावलं वळणावर आली आणि थांबली.

“बाजून जा गो,” आईचा दबका आवाज तिला झोपेच्या काठावर ऐकू आला. “दमलाहा माझा चेडू.”

पावलं हलकी झाली. कठड्याच्या कडेकडेने, पिशव्या उचलून धरत, कोणीतरी तिला वळसा घालून वर निघून गेलं.